मॅडम गेल्या, त्यांच्या अकरा खोक्यांचं काय करू?

तेरडा

नमस्कार मंडळी. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

आमच्या मॅडम मागच्या आठवड्यात गेल्या. युनिव्हर्सिटीत बॉटनी केलेल्या जुन्या लोकांना नुसतं 'मॅडम' म्हणलं तरी कळेल कोण ते, नाव मुद्दाम घालत नाहीये. मी आधी त्यांचा एमएस्सीचा विद्यार्थी, मग पीएचडी त्यांच्याकडेच, आणि नंतर अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर कलीग. कलीग आपलं म्हणायचं म्हणून, कारण मी लागल्यावरसुद्धा माझं लेक्चर चालू असताना कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून ऐकायच्या आणि मग अनिकेत कँटीनला चहा पाजून सांगायच्या की फळ्यावर डाव्या बाजूला एक स्पेलिंग चुकलं होतं, पोरांनी तसंच उतरवून घेतलंय, उद्या आधी ते दुरुस्त कर. चहाचे पैसे कायम त्यांनीच दिले. रिटायर झाल्यावरही.

त्यांनी देहदान केलं होतं. त्यामुळे वैकुंठ स्मशानभूमी नाही, दहावा नाही, तेरावा नाही. अँब्युलन्स आली, दोन फॉर्मवर भाच्याने सह्या केल्या आणि आम्ही सात-आठ जण पार्किंगमध्ये चपला घालून तसेच उभे, आता कुठे जायचं तेच कळेना. मग कोणीतरी म्हणालं चहा घेऊ. तेवढंच.

आता मुद्दा. भाचा नाशिकचा, माणूस चांगला आहे, पण त्याला या महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायचाय. पुस्तकं, भांडी वगैरे झालं वाटून. राहिलीत अकरा खोकी. त्याने मला फोन करून विचारलं, "सर, हे वाळलेलं गवत ठेवायचंय का? रविवारी रद्दीवाला येतोय." मी हेल्मेट न घालताच निघालो.

खोक्यांत वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत आणि प्रत्येक घडीत एक झाड. एक घडी उघडली तर १ ऑक्टोबर १९९३ चा पेपर, किल्लारीच्या भूकंपाची बातमी, आणि आत कवळ्याची फांदी, पिवळा रंग अजून थोडा धरून आहे. कोपऱ्यात पेन्सिलने फक्त ४१२. जागा नाही, तारीख नाही, काही नाही. ते सगळं त्यांच्या फिल्डच्या वह्यांत असायचं, त्या लांबट काळ्या पुठ्ठ्याच्या. वह्या सापडल्या, पण ४, ५ आणि ६ नंबरच्या नाहीत. कपाट, माळा, दिवाण, सगळं बघून झालं.

तर विचारायचंय असं की हे कोण घेईल, कसं हाताळायचं आणि त्या तीन वह्यांबद्दल कोणाला काही माहितीये का. शिवाय पुढच्या शनिवारी डिपार्टमेंटला छोटी सभा आहे, मी बोलायचंय. तीन वेळा लिहायला बसलो, तीनही वेळा 'पोकळी निर्माण झाली' इथपर्यंत येऊन फाडून टाकलं. तुमच्याकडे काही आठवणी असतील तर प्लीज लिहा.

हर्बेरियमवाला

वाईट झालं. मी त्यांच्या हाताखाली नव्हतो पण आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, शीट्स (कागदावर चिकटवलेले नमुने) बघायला यायच्या, स्वतःचं भिंग घेऊन, दोऱ्याने गळ्यात अडकवलेलं. त्यांना आमचं भिंग चालायचं नाही.

आधी कामाचं. रद्दीवाल्याला आजच्या आज नाही म्हणून सांगा. आणि कोणीही हौसेने वर्तमानपत्रं बदलून नवीन कागदात घालू नका, कडेला पेन्सिलने काय काय लिहिलेलं असतं ते त्यात जातं. गठ्ठा ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने राहू दे, आधी प्रत्येक घडीचा नंबरासकट फोटो काढा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. चिकटवलेल्या जाड शीट्स असतील, साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या, तर त्यांना उघड्या हाताने हात लावू नका. पूर्वी किडीपासून वाचवायला नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवून काढायचे, सर्रास. जहाल विष आहे ते आणि पन्नास वर्षांनीही कागदावर असतं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, तिथे बसून वडापाव खाऊ नका. नुसत्या पेपरातल्या घड्यांना बहुतेक विष लावलेलं नसणार, त्यामुळे त्यात उलटा प्रॉब्लेम, किडे. बारीक तपकिरी भुसा दिसला तर ते गठ्ठे पॉलिथिनमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दमट होऊन बुरशी धरते.

कुठे द्यायचं. पुण्यात आपलं नशीब चांगलं आहे. कोरेगाव रोडला बीएसआयचं (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, आणि आघारकर संस्था आहे. (बाहेरगावहून कोणी येणार असेल तर आधीच सांगतो, आघारकर संस्था ही आगरकर रस्त्यावर आहे. संस्था शं. पु. आघारकरांच्या नावाची, ते वनस्पतिशास्त्रज्ञ, रस्ता गो. ग. आगरकरांचा, ते सुधारक. १९९२ ला संस्थेला हे नाव दिल्यापासून रिक्षावाले आणि पोस्टमन दोघं सोसतायत.) पण दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येईल, कुठून आणि कधी गोळा केलंय. जागा-तारीख नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी घेऊन करायचं काय? त्या वह्या शोधा. त्यांच्याशिवाय तुमच्या ४१२ ला खरंच कोणी वाळलेलं गवत म्हणालं तर मी भांडू शकणार नाही.

शिवनेरी_९६

मी ९६ ची बॅच. सभेत 'ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व' म्हणालास तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवते.

शिवनेरीची ट्रिप सांग त्यापेक्षा. शिवाजीनगर स्टँडवरून सकाळी सहाची एसटी, मॅडम साडेपाचला हजर, साडी, खाली बाटाचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला तो लोखंडी व्हॅस्क्युलम, म्हणजे गोळा केलेली झाडं ठेवायचा डबा, ज्याला कंडक्टर दरवेळी विचारायचा बाई यात मासे आहेत का. सप्टेंबर होता, मंचरच्या पुढे नुसता पाऊस. आम्हाला वाटलं गडावर जाऊन शिवजन्माची जागा बघू, फोटोबिटो काढू, तर बाईंनी आम्हाला मधेच एका कड्याखाली थांबवलं आणि म्हणाल्या अर्धा तास शोधा, काय ते सांगणार नाही, वेगळं दिसलं की हाक मारा. अर्धा तास म्हणता म्हणता दीड तास झाला. शेवटी कपारीत लोंबणारं एक मांसल पानांचं झुडूप आणि त्याला चांदणीसारखी गर्द तांबडी फुलं, वर पिवळे ठिपके. मी नाक लावलं आणि मागे झाले, घाण वास, माश्यांना बोलवायला. शिंदळ माकुडी. महाराष्ट्राबाहेर कुठे नाही ती, इथेही ठरावीक कड्यांवरच.

मग तिथेच पावसात लेक्चर. जुन्नर भागातल्या या झाडाला डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात नाव दिलं फ्रेरिया इंडिका, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. आणि आपली युनिव्हर्सिटीची मेन बिल्डिंग, ती मनोऱ्याची, ती गव्हर्नरचा बंगला म्हणून याच फ्रिअरने बांधायला घेतली. मॅडम म्हणाल्या, "ज्याच्या घरात तुम्ही फिया भरता त्याचं हे झाड." मी आजही मेन बिल्डिंगवरून गेले की मला तो वास येतो, खरंच.

आमच्यातल्या एकाने फांदी तोडायला हात पुढे केला. मॅडम ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "मोजलीस का इथे किती आहेत?" त्याने मोजली. चार. त्याने हात मागे घेतला. मग वहीत चित्र काढायला लावलं प्रत्येकाला, माझी वही भिजून त्याचा लगदा झाला. आता त्या झाडाचं नाव पण बदललंय, बुसेरोसिया या वंशात घातलंय त्याला, यावरून कोणीतरी मॅडमना नंतर छेडलं होतं तर म्हणाल्या नाव बदलू दे रे, कड्याचा पत्ता तोच आहे.

पाचव्या मजल्यावरची

मी बॉटनीवाली नाही, त्यांच्याच सोसायटीत राहते. माझं बाईंशी दोनदा कडाक्याचं भांडण झालंय. एकदा गुलमोहरावरून, मी म्हणलं आपल्या सोसायटीची शान आहे, तर त्या म्हणाल्या शान मादागास्करची आहे, आणि तुमच्या गाडीवर फांदी पडेल तेव्हा मला बोलवा. पडली. बोलवलं नाही.

रोज सकाळी वेताळ टेकडीवर जायच्या. मी दोन वर्षं बरोबर गेले. टेकडी हिरवीगार दिसते म्हणून मी खूश, आणि यांचं सुरू, ही सगळी गिरिपुष्प, बाहेरून आणून लावलेली, हिला कोकणात उंदीरमारी म्हणतात, हिच्याखाली आपलं गवत येत नाही, गवत नाही तर टेकडीवरचे पक्षी कुठे जातील. माझं फिरणं कमी आणि ऐकणं जास्त व्हायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं जाणं बंद झालं, तेव्हा मला म्हणाल्या तू जा आणि मला सांग आज काय फुललंय. मला नावं कुठे येतात! मी आपली मोबाईलवर फोटो काढून आणायची, आणि त्या भिंगातून मोबाईलची स्क्रीन बघायच्या.

खोकी न्यायला टेम्पो आणलात तर गेटवर माझं नाव सांगा, वॉचमन कटकट करतो.

नावात_काय

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी लिहू का नको असं दोन दिवस चाललंय.

मी त्यांच्याकडे पीएचडीला होतो आणि साडेतीन वर्षांनी सोडली. माझा एक पेपर त्यांनी चौदा महिने अडवला. चौदा. का, तर मी दिलेल्या एका जागेबद्दल त्यांना शंका होती, मी तिथे खरंच गेलो होतो का दुसऱ्याच्या शीटवरून लिहिलं. मी गेलो होतो. त्यांना पटलं नाही आणि तोपर्यंत तिसऱ्याच कोणाचा पेपर छापून आला. मला तेव्हा घरी पैशाची गरज होती, फेलोशिप संपत आलेली, मी एका औषध कंपनीत लागलो आणि परत त्या बिल्डिंगमध्ये पाय ठेवला नाही. आज पन्नाशी उलटली तरी मला वाटतं त्या चुकल्या होत्या. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण त्यांनाच अशा गोष्टीचा राग यायचा, की माणूस गेला की सगळे त्याला लोण्यात बुडवतात. तेव्हा बोलतो.

आता दुसरं. वह्या ४, ५, ६ माझ्याकडे आहेत.

तेव्हा नकाशा करायला घरी नेल्या होत्या आणि रागात परत दिल्या नाहीत. पहिली दोन वर्षं रागात, मग लाजेत. त्यांनी कधी मागितल्या नाहीत. एकदाही नाही, आणि त्यांना माहीत होतं कुठे आहेत ते, शंभर टक्के. कोल्हापूरला बदली झाली, घरं तीन बदलली, प्रत्येक वेळी बायको विचारायची ही जुनी डबडी कशाला, आणि मी सांगायचो कामाच्या आहेत. तेरडा, तुझा ४१२ मी आत्ता बघितला.

४१२. सिंहगड, कल्याण दरवाजाच्या खाली, उताराला. ३ ऑक्टोबर १९९३, रविवार. 'पाणी ठिपकणाऱ्या खडकावर, मातीचा थर जेमतेम बोटभर, सोबत तेरडा व सोनकी. फुले सकाळी ११ नंतर मिटू लागली.' गोळा करणाऱ्यांत दोन नावं आहेत, एक त्यांचं आणि एक लॅबमधल्या मामांचं.

पार्सलने पाठवणार नाही, हरवलं तर परत तेच. मी शनिवारी घेऊन येतो. सभेला बसेन की नाही ते माहीत नाही.

गणेशखिंड

लॅबमधले मामा म्हणजे माझे वडील.

नेहमी नुसता वाचून जातो, आज वडिलांना वाचून दाखवलं म्हणून लिहितोय. वडील एकतीस वर्षं त्या लॅबमध्ये होते, सातवी पास. फिल्डला गेलं की कड्यावर चढून झाड काढायचं काम त्यांचं, झाडं दाबून वाळवायचा प्रेस आवळायचं त्यांचं, संध्याकाळी स्टोव्हवर कागद सुकवायचं त्यांचं. लेबलवर नाव सायबाचं, हे असंच असतं आणि वडिलांना त्याचं काही वाटायचं नाही. मॅडम पहिल्या ज्यांनी लेबलवर त्यांचं नाव घातलं. वडील सांगतात की तेव्हा ते घाबरले होते, म्हणले मॅडम हे काढा, उद्या काही चुकीचं निघालं तर माझ्यावर येईल. त्या म्हणाल्या, "चुकीचं निघालं तर नावावर येतं, झाड तुम्ही काढलंय ते चुकीचं कसं निघेल?"

मग त्यांनी वडिलांना आकडे आणि तारखा इंग्रजीत लिहायला शिकवलं, लेबलापुरतं. अजूनही वडील बँकेच्या स्लिपवर तारीख घालतात ती लेबलासारखीच, महिना रोमन आकड्यात. कॅशियर रोज वैतागतो.

त्यांचं वय ८१ आहे, जिना चढवत नाही. पण खोकी उघडणार असाल तर त्यांना खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून द्या, ते म्हणतायत कुठला गठ्ठा कुठल्या ट्रिपचा ते मी दोरीची गाठ बघून सांगतो.

तेरडा

सगळ्यांना मनापासून थँक्यू. उत्तर द्यायला उशीर झाला कारण काल पूर्ण दिवस फ्लॅटवर होतो. भाच्याला मी सगळं वाचून दाखवलं, त्याने रद्दीवाल्याला कॅन्सल केलं आणि आणखी पंधरा दिवस दिलेत. तो स्वतःच हातमोजे घालून फोटो काढत बसला होता, मधेच म्हणाला मला लहानपणी वाटायचं मावशी इस्त्रीचं दुकान चालवते.

@नावात_काय, मी काय लिहू. ये. सभेला नाही बसलास तरी चालेल, बाहेर कट्ट्यावर बस, मी चहा घेऊन येतो. तुझ्या पेपरबद्दल मला त्या वेळी काही माहीत नव्हतं, पण एक सापडलंय ते सांगतो.

सातव्या खोक्यात माझी स्वतःची शीट निघाली. एमएस्सीला मी कवळ्याची, त्या मिकी माऊसच्या तोंडासारख्या फुलाची, 'नवीन जात' शोधली होती आणि हॉस्टेलला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. लेबलावर माझ्या अक्षरात 'बहुतेक नवीन!!' असं आहे, दोन उद्गारचिन्हं. मॅडम तेव्हा फक्त "बघू" म्हणाल्या होत्या आणि मी पुढे विसरून गेलो. तुम्हाला माहितीये हर्बेरियमचा नियम, आधीच्या माणसाचं लेबल काढायचं नाही, खोडायचं नाही, आपलं मत वेगळं असेल तर बाजूला आपली चिठ्ठी लावायची, सही आणि तारखेसकट. तर माझ्या लेबलाशेजारी त्यांची चिठ्ठी आहे, नेहमीच्याच जातीचं नाव. पण चिठ्ठीवरची तारीख चार वर्षांनंतरची आहे. आणि खाली बारीक अक्षरात, आघारकरला ताडून पाहिले, बीएसआयला ताडून पाहिले, मूळ जागी दोन पावसाळे जाऊन आले. माझ्या त्या येडपट उद्गारचिन्हांसाठी बाई दोन पावसाळे जाऊन आल्या आणि मला बोलल्या नाहीत. म्हणजे आम्हा दोघांनाही त्यांनी सारखंच धरलं, माझं चुकीचं होतं म्हणून मी वाचलो आणि तुझं बरोबर होतं म्हणून तू चौदा महिने अडकलास. हे बरोबर झालं असं मी म्हणत नाहीये.

सभेत मी बहुतेक ही शीटच घेऊन उभा राहीन. शिवनेरी, कड्यावरची ती ट्रिप तूच सांग, मला ते 'मोजलीस का' तुझ्यासारखं जमणार नाही.

आता ठरलंय ते असं. शनिवारी सभा झाली की वह्या ताब्यात, रविवारी सकाळी दहाला फ्लॅटवर या, ज्यांना जमेल ते. नंबर जुळवायचे, जुळलेले वेगळे, न जुळलेले वेगळे. हर्बेरियमवाले, तुम्ही आलात तर फार बरं होईल, किडा लागलेले दोन गठ्ठे आहेत, पाचव्या मजल्यावरच्या ताईंनी त्यांचा डीप फ्रीझर रिकामा करून दिलाय, मटार सगळे शेजारी वाटले म्हणे. मामांसाठी खुर्ची मी घरून आणतो, हातांची. हातमोजे आपापले आणा, आणि पेन्सिली. पेन नको, शाई पसरते.

पाचव्या मजल्यावरची

मटार नाही, तुरीचे दाणे. दहाला म्हणजे दहाला या, बाराला पाणी जातं.